विश्लेषण : रोबोटिक्स स्पर्धेत साधा रोबोट बाजी का मारतो?

दर वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी अनेक देशांतले हजारो शालेय संघ एकाच वेळी पडद्यासमोर बसतात. त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो, जाडजूड नियमपुस्तिका खुली होते आणि पुढच्या तासाभरात जवळपास प्रत्येक वर्गात फळ्यावर एकच चित्र उमटते. उचलणारा, फेकणारा, चढणारा, सगळेच करणारा रोबोट! सहा-आठ आठवड्यांनी मैदानावर यातले कितीतरी रोबोट जागेवर उभे राहतात. एखाद्या लहान गावातल्या शाळेचा, चार चाके आणि एकच काम येणारा रोबोट मात्र बाद फेरीत पोहोचतो. हे नशिबाने होते, की त्यामागे काही हिशेब असतो?

काय आहे ही स्पर्धा?

‘फर्स्ट’ या संस्थेची स्थापना संशोधक-उद्योजक डीन केमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत केली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले (एमआयटी) प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स त्यांच्या सोबतीला होते. विद्यार्थ्यांना ठरावीक सामानाची पेटी द्यायची, त्यातून यंत्र बनवायला लावायचे आणि शेवटी त्यांची झुंज लावायची, ही पद्धत फ्लॉवर्स यांनी एमआयटीतल्या आपल्या अभ्यासक्रमात आधीच रुजवली होती. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ सुरू झाली.

खेळ दर वर्षी बदलतो, साचा साधारण तोच राहतो. सुमारे ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद मैदान, एका बाजूला तीन रोबोट, दुसऱ्या बाजूला तीन. या तिघांच्या गटाला आघाडी म्हणतात. (महाराष्ट्रातल्या वाचकाला तीन घटकांची आघाडी समजावून सांगायची गरज नाही.) बहुतेक हंगामांत सामना अडीच मिनिटांचा राहिला आहे. त्यातले पहिले १५ सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, उरलेला वेळ विद्यार्थी तो दुरून चालवतात. रोबोटचे वजन ५०-५५ किलोच्या आसपास. हे खेळणे नव्हे, अंगावर आले तर हाड मोडेल असे धूड आहे.

पूर्वी रोबोट बांधायला सहा आठवडे मिळत. मुदत संपली, की तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून क्रमांकाचे सील लावावे लागे. २०२० पासून ही अट गेली. वेळ वाढला, तरी कच्च्या संघांची चूक बदललेली नाही. काय करायचे हे ठरवण्याआधीच ते काय बांधायचे हे ठरवतात.

एका दोरीची किंमत १५० चेंडू कशी?

साधेपणाचा हिशेब समजून घ्यायला २०१७ चा ‘स्टीमवर्क्स’ हा खेळ सर्वात चांगला. वाफेच्या युगातले हवाई जहाज उडवायचे, अशी कल्पना होती. गुण मिळवायच्या तीन मुख्य वाटा होत्या. पहिली, प्लास्टिकचे मोठे दातेरी चाक म्हणजे गिअर जहाजापर्यंत नेऊन द्यायचे. पुरेसे गिअर जमले की जहाजाचा एक रोटर फिरतो. दुसरी, ‘इंधन’ म्हणून दिलेले भोकाभोकांचे हलके चेंडू उंचावरच्या बॉयलरमध्ये मारायचे. तिसरी, शेवटी जहाजावरून लोंबणारी दोरी चढायची.

आता भाव पाहा. विद्यार्थी रोबोट चालवत असतानाच्या टप्प्यात बॉयलरच्या वरच्या तोंडात तीन चेंडू गेले तर एक गुण मिळे. खालच्या तोंडात तर नऊ चेंडूंना एक. फिरणाऱ्या प्रत्येक रोटरला ४० गुण होते. सामना संपताना दोरीच्या टोकाशी असलेली पट्टी दाबून लटकत राहिलेल्या रोबोटला ५० गुण होते.

म्हणजे एकदा दोरी चढणे बरोबर वरच्या तोंडातले १५० चेंडू. आणि दोरी चढायला काय लागते? विहिरीवरचा रहाट ज्याने पाहिला आहे, त्याला हे यंत्र ओळखीचे आहे. मोटरला जोडलेला एक दांडा, त्यावर दोरी अडकेल अशी काही सोय, आणि मोटर फिरली की दोरी गुंडाळली जाऊन रोबोट वर. नियमांनी संघांना स्वतःची दोरी आणायची मुभाही दिली होती. त्यामुळे दांड्याला पटकन पकडेल अशी दोरी निवडणे हासुद्धा यंत्ररचनेचाच भाग झाला.

गिअरचे प्रकरण याहून गमतीचे. गिअर जहाजाच्या बाहेर आलेल्या खुंटीवर नेऊन अडकवायचे होते. तिथून ते वर खेचून घ्यायला जहाजावर संघातला एक विद्यार्थी उभा असे. ही ओळ ज्यांनी नीट वाचली, त्यांना एक गोष्ट लगेच कळली. वर ओढण्याचे काम माणूस करणार आहे. मग रोबोटला हात हवाच कशाला? पुढच्या बाजूला गिअर उभा राहील अशी एक खाच पुरे. भरण्याच्या ठिकाणी गिअर घसरत त्या खाचेत पडतो, रोबोट खुंटीपर्यंत जातो, वरचा विद्यार्थी गिअर खेचतो, रोबोट मागे फिरतो. मोटर नाही, सेन्सर नाही, बिघडायला काहीच नाही. अनेक संघांनी नेमके हेच केले.

पहिल्या रोटरला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार आणि चौथ्याला सहा गिअर लागत. एकूण १३. त्यातला एक राखीव गिअर जहाजावर आधीच असे. म्हणजे तीन रोटर फिरवायला तीन रोबोटांनी मिळून सहा गिअर आणायचे, प्रत्येकी फक्त दोन. तिघांनी प्रत्येकी चार आणले तर चारही रोटर. त्याचे १६० आणि तिघेही दोरी चढले तर १५०, असे ३१० गुण एकही चेंडू न उडवता होतात. तेवढेच गुण चालकांच्या टप्प्यात चेंडूंनी करायचे तर वरच्या तोंडात ९३० चेंडू पडायला हवेत.

एवढे करून पहिल्या १५ सेकंदांत रोबोट नुसता पुढे सरकून रेषा ओलांडून गेला, तरी पाच गुण होते. प्रोग्राम काय? मोटर सुरू कर, काही सेकंदांनी बंद कर. हे पाच गुण म्हणजे १५ चेंडू!

तरीही त्या वर्षी कितीतरी संघांनी आपला निम्म्याहून जास्त वेळ चेंडू उडवणाऱ्या यंत्रावर घालवला. कारण उघड आहे. चेंडूंचा फवारा दिसायला भारी दिसतो. गिअरची खाच कोणाला दाखवणार?

बिघाडाचे गणित काय सांगते?

समजा, एका रोबोटमध्ये पाच वेगवेगळ्या यंत्रणा आहेत आणि प्रत्येक यंत्रणा दहापैकी नऊ वेळा नीट चालते. ऐकायला हे चांगले वाटते. पण पाचही एकाच सामन्यात नीट चालण्याची शक्यता ०.९ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ५९ टक्के. दर पाच सामन्यांपैकी दोनांत काहीतरी अडणारच. दोनच यंत्रणा असतील तर ही शक्यता ८१ टक्के होते. आणि यंत्रणा कमी असल्या तर प्रत्येकीवर जास्त वेळ देता येतो, त्यामुळे दहापैकी नऊचे पन्नासपैकी एकोणपन्नास होऊ शकतात. तसे झाले, तर दोन यंत्रणांचा रोबोट शंभरातले ९६ सामने धड खेळेल.

मैदानावरचे वास्तव याहून निष्ठुर असते. सामना सुरू झाल्यावर बंद पडलेल्या रोबोटला कोणी हात लावू शकत नाही. बॅटरीची सैल वायर, धक्क्याने निघालेला रेडिओचा प्लग, खिळखिळे झालेले बंपर अशा क्षुल्लक गोष्टींनी अडीच मिनिटे वाया जातात. ज्या संघाचा वेळ पाचव्या यंत्रणेच्या मागे संपला, त्याला पहिल्या वायरकडे पाहायला फुरसत नसते. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण रोबोटिक्सच्या आधीची असली, तरी तिला नवे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

कॅनडातील सेंट कॅथरिन्सच्या ‘सिम्बॉटिक्स’ (क्रमांक १११४) या मातब्बर संघाचे मार्गदर्शक राहिलेले कार्तिक कनगसबापती यांची रणनीतीवरची व्याख्याने या वर्तुळात फार ऐकली जातात. त्यांचे सूत्र थोडक्यात असे : संघाकडे वेळ, पैसा आणि कौशल्य मिळून ३० मापे असतील आणि एखादे काम उत्तम व्हायला १० मापे लागत असतील, तर तीन कामे उत्तम करा, पाच कामांत सहा-सहा मापे वाटू नका. आणि आपल्याकडे ३० मापे आहेत की १२, हे आधी खरेपणाने मोजा. जिंकण्याची सवय असलेल्या संघाचा माणूस हे सांगतो, म्हणून त्याला वजन आहे.

चोविसावा रोबोट कोण निवडतो?

साखळी सामन्यांत आघाड्या आळीपाळीने ठरवून दिलेल्या असतात. बाद फेरीसाठी मात्र गुणतक्त्यात वरचे आठ संघ कर्णधार होतात आणि आपापले साथीदार स्वतः निवडतात. पहिल्या फेरीत क्रम एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलटा, आठ ते एक. चाळीसएक संघांच्या स्पर्धेत असे २४ संघ पुढे जातात. साध्या रोबोटचे भवितव्य बहुतेक वेळा इथेच ठरते.

उलट्या क्रमामुळे सर्वात बलाढ्य, म्हणजे पहिल्या आघाडीला तिसरा साथीदार सर्वात शेवटी मिळतो. तिच्याकडे गुण करणारे दोन तगडे रोबोट आधीच असतात. तिला आणखी एक अर्धवट फेकणारा नको असतो. तिला हवा असतो न बंद पडणारा, वाटेत न येणारा, सांगितलेले एकच काम मुकाट करणारा आणि जमल्यास समोरच्याला अडवणारा. गुणतक्त्यात तिसावा असलेला संघ असा एकदम पहिल्या आघाडीत जाऊन बसतो आणि पदक घेऊन घरी जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हा वशिला वाटतो.

खरे म्हणजे ही निवड प्रेक्षकांच्या बाकांवर बसलेली मुले करत असतात. प्रत्येक चांगल्या संघातली पाच-सहा मुले दिवसभर टॅबलेट किंवा वही घेऊन प्रत्येक सामन्यातल्या प्रत्येक रोबोटची नोंद करतात. याला स्काउटिंग म्हणतात. रोबोटने किती गुण केले याच्या जोडीला ही मुले आणखी गोष्टी लिहितात. तो सामनाभर हलत होता का? उलटला का? दंडाचे गुण दिले का? चालक शांत होता का? रात्री हॉटेलच्या खोलीत या नोंदी पसरून निवडयादी बनते. ज्या संघाच्या नावापुढे सगळ्या सामन्यांत ‘चालू’ लिहिलेले असते, तो यादीत आपोआप वर सरकतो.

नुसत्या अडवणुकीलाही भाव आहे. समोरचा रोबोट एका फेरीत पाच गुण करतो आणि सामन्यात अशा दहा फेऱ्या मारतो असे धरू. मजबूत चाकांच्या रोबोटने वाट अडवून त्याच्या तीन फेऱ्या कमी केल्या, तर हा न केलेला १५ गुणांचा स्कोअरच झाला. अर्थात नियम कडक असतात. दाबून धरण्याला काही सेकंदांचीच मुभा असते, काही जागा संरक्षित असतात. त्यामुळे अडवणारा चालक नियमपुस्तिका तोंडपाठ असलेलाच लागतो. इथे यंत्र साधे असते, माणूस नव्हे.

कधी कधी तर रोबोटचा आकारच रणनीती ठरतो. २०१२ च्या ‘रिबाऊंड रम्बल’मध्ये बास्केटबॉलच्या जोडीला डुगडुगणारे पूल होते. शेवटी पुलावर एक रोबोट तोलून उभा राहिला तर १० गुण, दोन राहिले तर २० आणि बाद फेरीत तिन्ही राहिले तर ४०. रोबोटच्या तळाची कमाल मापे २८ बाय ३८ इंच होती. बहुतेकांनी लांबुळका रोबोट बांधला. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात तोच चौकोन आडवा करून रुंद रोबोट बांधला, त्यांनी पुलाची कमी लांबी अडवली. तीन रोबोट एका पुलावर बसवायचे तर असा आखूड साथीदार हवाच. एक पैसा जास्त खर्च न करता, एक स्क्रू जास्त न लावता घेतलेला हा निर्णय.

साधा रोबोट वाटून देणारे संघ?

टेक्सासमधील लीग सिटीचा ‘रोबोनॉट्स’ (क्रमांक ११८) हा नासाच्या जॉन्सन अवकाश केंद्राशी जवळचे नाते असलेला संघ आहे. त्यांचा स्वतःचा रोबोट गुंतागुंतीचा आणि देखणा असतो. पण दर हंगामात ते आणखी एक रोबोट बांधतात, ‘एव्हरीबॉट’. कमी पैशांत, साध्या हत्यारांनी, नवख्या मुलांना बांधता येईल असा. त्याची रेखाचित्रे, सामानाची यादी, बांधणीच्या पायऱ्या, प्रोग्राम हे सगळे ते सर्वांसाठी खुले करतात. जगभरातले नवे संघ तो जसाच्या तसा किंवा थोडा बदलून बांधतात आणि त्यावर सामने जिंकतात.

असे वाटून दिले तर स्पर्धा कसली, असे कोणी विचारेल. पण तीन जणांच्या आघाडीत उद्या हाच नवा संघ तुमच्या बाजूला उभा असू शकतो. तो मैदानात हलला तर तुमचाच फायदा.

लहान मुलांच्या स्पर्धेतही हेच चालते का?

‘फर्स्ट लेगो लीग’ आपल्याकडच्या शाळांना जास्त परिचयाची आहे. साधारण आठ फूट बाय चार फुटांच्या टेबलावर लेगोचा रोबोट अडीच मिनिटे संपूर्णपणे स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो. टेबलावर डझनभर कामे मांडलेली असतात. सगळी करायचा मोह प्रत्येक संघाला होतो.

इथली मुख्य अडचण अचूकतेची. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रोबोट जितका सरकतो, तितका ती उतरल्यावर सरकेलच असे नाही. सुरुवातीला अंशभर तिरका ठेवलेला रोबोट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत काही सेंटिमीटर चुकतो. अनुभवी संघ यावर महागडा उपाय शोधत नाहीत. ते रोबोट मुद्दाम टेबलाच्या कडेच्या भिंतीवर हळूच टेकवतात. पाठ भिंतीला लागली की रोबोट आपोआप सरळ होतो आणि पुढचा प्रवास तिथून मोजला जातो. कॅरमची सोंगटी पट्टीला लावून मारणाऱ्याला यातली अक्कल लगेच कळेल. तसेच, पाच मोटरींच्या हाताऐवजी नुसता ढकलणारा दांडा किंवा वजनाने पडणारा आकडा वापरतात. जवळची चार कामे एका फेरीत, आणि तीच फेरी शंभर वेळा.

नियमही याला बक्षीस देतात. घराबाहेर अडकलेला रोबोट हाताने उचलला तर ‘प्रिसिजन टोकन’ जाते. सहा टोकनांपैकी पाच किंवा सहा शिल्लक राहिली तर ५० गुण मिळतात, चार राहिली तर ३५, तीन राहिली तर २५ आणि एकही नसेल तर शून्य. जोखमीच्या कामामागे तीन-चार टोकने घालवली, तर ते काम झाले तरी हाती काय उरते, याचे गणित पाचवी-सहावीतली मुलेही करू शकतात आणि करतात.

पुण्याने पाहिलेल्या स्पर्धेत काय होते?

महाराष्ट्राला महाविद्यालयीन रोबोटिक्सची ओळख झाली ती प्रामुख्याने ‘रोबोकॉन’मुळे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने २००२ मध्ये सुरू केलेल्या या स्पर्धेचा विषय यजमान देश ठरवतो. २००८ मध्ये अंतिम स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडीच! २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली. त्या वेळी ‘पालक’ रोबोटने ‘मूल’ रोबोटला बागेतला झोका, सी-सॉ, खांब आणि जंगल जिम असे खेळवून आणायचे होते. सगळी कामे आधी पूर्ण करणाऱ्या संघाचा विजय तिथल्या तिथे जाहीर होई. त्या विजयाला नाव होते ‘शाबाश’.

इथे वरचा हिशेब थोडा बदलतो. सगळी कामे पूर्ण केली की सामना संपतो, अशी अट असली तर कामे गाळून चालत नाही. तीनच कामे उत्तम करणारा रोबोट ‘शाबाश’ कधीच मिळवणार नाही. मग साधेपणा कुठे शोधायचा? तो यंत्राच्या आत शोधावा लागतो. चार कामांना चार हात लावण्याऐवजी एकच पकड चारही ठिकाणी कशी वापरता येईल, किती हालचाली वगळता येतील, कोणते वळण टाळता येईल, असा विचार करावा लागतो. ‘साधे ठेवा’ हा सल्ला नियम न वाचता पाळला तर तोही अंगाशी येतो, तो असा.

मग गुंतागुंतीचे रोबोट जिंकतच नाहीत?

जिंकतात, आणि सर्वात वरच्या पातळीवर बहुतेक तेच जिंकतात. २०१७ च्या हंगामात जसजशी स्पर्धा वर सरकली, तसतसे चार रोटर आणि दोरी हे बलाढ्य आघाड्यांना जमू लागले. रोटर चारच होते, पाचवा नव्हता. दोन्ही बाजूंचे गिअरचे गुण सारखे झाले की निकाल पुन्हा चेंडूंवर येई आणि तिथे चांगला फेकणारा रोबोट सोन्याच्या भावाचा ठरे. पण असे फेकणारे संघ गिअर आणि दोरी आधी पक्की करून मगच चेंडूंकडे वळलेले असत, हेही खरे.

२०२५ च्या ‘रीफस्केप’मध्ये भाव वेगळे होते. चालकांच्या टप्प्यात प्रवाळाचा नळा सर्वात खालच्या पायरीवर ठेवला तर दोन गुण, सर्वात वरच्या फांदीवर अडकवला तर पाच. म्हणजे उंच उचलणारी शिडी बांधणाऱ्याला प्रत्येक फेरीत अडीच पट मोबदला होता. शेवटी खोल पिंजऱ्याला लटकले तर १२ गुण, म्हणजे खालच्या सहा नळ्यांइतके. अशा वर्षी खालच्या पायरीवरच थांबायचे ठरवणाऱ्या संघाला आपण काय सोडतो आहोत हे माहीत असायला हवे. ज्याच्याकडे लेथ आहे, वेल्डिंग येणारे पालक आहेत, मागच्या वर्षीची शिडी आहे, त्याने ती जरूर बांधावी. ज्या शाळेकडे एक ड्रिल मशीन आणि आठ मुले आहेत, तिने शिडीचे स्वप्न पाहिले तर ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ अशी गत होते. शिडी अर्धी राहते आणि खालची पायरीही जमत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. गुंतागुंतीचा रोबोट अनेकदा मुलांचा राहतच नाही. तो मार्गदर्शकांचा, प्रायोजक कंपनीच्या अभियंत्यांचा होतो. दोन सामन्यांमध्ये कधी कधी दहा-पंधरा मिनिटेच हाताशी असतात. तेवढ्यात पाना घेऊन खाली वाकणारी मुलगी आणि वडीलधाऱ्यांकडे पाहत उभा असलेला मुलगा, यांच्यातला फरक शेजारच्या बाकावरूनही दिसतो. साधे यंत्र ज्याने बांधले, त्याला ते दुरुस्त करता येते.

आपल्या शाळांत हे का रुजत नाही?

देशात आता दहा हजारांच्या घरात अटल टिंकरिंग लॅब आहेत, रोबोटिक्सचे खासगी वर्गही गल्लोगल्ली निघाले आहेत. पण आपल्या मुलांची घडण विज्ञान प्रदर्शनात होते आणि प्रदर्शनाचे शास्त्र वेगळे असते. तिथे मॉडेल टेबलावर ठेवून पाठ केलेले भाषण म्हणायचे असते. दिवे जितके जास्त, सेन्सरची नावे जितकी लांब, तितके परीक्षक थांबतात. एकदा चालले की काम झाले. नाही चालले तर ‘सकाळी चालत होते’ हे उत्तर खपते. स्पर्धेच्या मैदानात ते खपत नाही. काही वर्ग तर स्पर्धेपुरता तयार रोबोट विकत देतात. मुलांनी फक्त रिमोट धरायचा. पालकांना फोटो मिळतो, मुलांना मात्र आतली मोटर कुठल्या बाजूला फिरते हेही सांगता येत नाही.

चांगले संघ पहिले दोन-तीन दिवस एकही स्क्रू पिळत नाहीत. नियमपुस्तिका मोठ्याने वाचतात. गुण मिळवण्याची प्रत्येक वाट फळ्यावर लिहितात, तिच्यापुढे गुण, अंदाजे सेकंद आणि ‘आपल्याला जमेल का’ अशी रकाने आखतात. माणसांनाच रोबोट बनवून जमिनीवर खडूने आखलेल्या मैदानात चालवून पाहतात. मग एक काम ठरते, फार तर दोन. मैदानातल्या अडथळ्यांच्या प्लायवुडच्या नकला बनतात. पहिल्या आठवड्यात चाके फिरू लागतात आणि उरलेला वेळ चालकाच्या सरावाला जातो. शेवटच्या रात्रीपर्यंत रोबोट बांधत बसलेल्या संघाचा चालक पहिल्या सामन्यात पहिल्यांदाच गाडी शिकत असतो.

यातले काहीही करायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. खडू, फळा, जुना प्लायवुड आणि घड्याळ पुरते. जिल्हा पातळीवरच्या एखाद्या प्रदर्शनात परीक्षकांनी यंदा एकच नवा निकष लावून पाहावा : हे मॉडेल सलग दहा वेळा चालवून दाखवा. किती टेबलांवर दहावी फेरी पूर्ण होते, ते मोजायलाही पाचवीतला विद्यार्थी पुरेल.